जाणत्या हाती
अलास्कातल्या कितीतरी गावांना रस्ताच नाही; तिथे छोटं विमान म्हणजे घरचं वाहन. १९४९ साली आलेलं पायपर सुपर कब त्यातलं फार लाडकं. पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर ताणलेलं कापड, एकामागे एक दोन आसनं आणि नदीपात्रातल्या गोट्यांवरही उतरू देणारी फुगीर, मऊ चाकं. असं विमान विकताना कुणी वैमानिक चार पैसे कमी घेऊन ते जाणत्या वैमानिकालाच देत असेल, तर मला ते अगदी पटतं. लॉगबुकांत दुरुस्तीची नोंद न् नोंद असते. पण आडव्या वाऱ्यात ते कुठे ओढतं, कडाक्याच्या थंडीत इंजिन किती वेळ गरम करावं लागतं, हे मागच्या आसनावर बसून, नव्या मालकाच्या हाती दांडा देऊनच सांगावं लागतं.