गो-स्लो

कर्तव्य करता करता मरावे, की मरू नये म्हणून कर्तव्य जरा बेताने करावे? हा प्रश्न गीतेच्या प्रवचनात पडावा. मला तो खांदेश्वरला लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात पडला.

तिथल्या पोराने तळाचे झाकण उघडले. पंख्यात धुळीची गादी, प्रोसेसरवरची पेस्ट वाळून खडखडीत.

"काका, मशीन बिघडलेलं नाही. शंभर डिग्रीच्या आसपास गेलं की स्वतःच वेग कमी करतं. तरी नाही भागलं तर बंद होतं. नाहीतर जळेल ना!"

म्हणजे चक्क गो-स्लो! १९८३ साली बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेने कॉम्प्युटरबाबत बँकांशी करार केला, तेव्हा हे यंत्रही एक दिवस आपल्याच वळणावर जाईल हे दोन्ही पक्षांच्या ध्यानीमनी नसावे.

याला कामचुकार म्हणावे का? कामचुकार थंड असतानाच थांबतो, हा तापल्यावर थांबतो. माणसांत हा फरक बाहेरून दिसत नाही, ही पंचाईत.

आमच्या शाखेतले एक हेडकॅशियर मार्चअखेरीला रात्री दहापर्यंत बसत. एकदा छातीत दुखतंय म्हणाले. साहेब म्हणाले, "क्लोजिंग होऊ द्या." त्यांनीही होऊ दिले. शोकसभेत 'कर्तव्यदक्ष' हा शब्द अकरा वेळा आला. मी मोजला, सवय हो, दुसरे काय!

पोराने नवी पेस्ट लावली, फुगलेली बॅटरी बदलली. "सारखी शंभर टक्के भरलेली ठेवू नका. ऐंशीला थांबवा."

दुसऱ्या दिवशी साडेसहाला मी टेबल आवरले.

"का हो, तब्येत बरी नाही?" साहेबांनी विचारले.

"बरी आहे," मी म्हटले, "म्हणूनच निघतोय."