आपलं गाणं

दुसऱ्याचं गाणं हुबेहूब वाजवलं की टाळ्या लगेच मिळतात. स्वतःचं गाणं ऐकवायचं तर समोरच्यांची चुळबुळ सोसावी लागते.

1984 साली मुंबईत महेश तिनईकर आणि त्यांच्या मित्रांनी ‘रॉक मशीन’ हा बँड उभा केला. परदेशी कॅसेटवरची गाणी बसवायची आणि कॉलेजच्या कार्यक्रमांत वाजवायची, अशीच तेव्हा आपल्याकडच्या रॉक बँडांची रीत होती. ‘रॉक मशीन’नंही सुरुवात तशीच केली. पण लोक गर्दी करत असतानाच या मुलांनी स्वतःची गाणी रचायला घेतली. 1988मध्ये ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ आणि 1990मध्ये ‘द सेकंड कमिंग’ असे त्यांचे दोन अल्बम आले. पुढे संगीत बदललं, तेव्हा 1993मध्ये कमावलेलं नावही त्यांनी सोडलं आणि ते ‘इंडस क्रीड’ झाले. 1997मध्ये बँड फुटला, माणसं पांगली. 2010मध्ये जुन्या संचातले उदय बेनेगल, तिनईकर आणि झुबिन बालापोरिया दोन नव्या दमाच्या वादकांना घेऊन पुन्हा उभे राहिले. 2012मध्ये त्यांनी ‘इव्हॉल्व्ह’ हा नवाकोरा अल्बम दिला. जुन्या लोकप्रिय गाण्यांवर त्यांना आरामात दिवस काढता आले असते. त्यांनी पुन्हा नवं रचलं.

अमेरिकेत एप्रिल 1994मध्ये गायक कर्ट कोबेनचा मृत्यू झाला आणि त्याचा ‘निर्वाणा’ हा जगभर गाजलेला बँड संपला. बँडचा ड्रमवादक डेव्ह ग्रोल त्याच वर्षी एकटा स्टुडिओत गेला. जवळपास सगळी वाद्यं स्वतः वाजवून त्यानं आपली गाणी ध्वनिमुद्रित केली. त्यातूनच ‘फू फायटर्स’ हा त्याचा बँड जन्मला. मोडलेल्या माणसाला त्याच्या स्वतःच्या गाण्यांनीच पुन्हा उभं केलं.

आपल्या वऱ्हाडाला हे नवं नाही. यावलीत जन्मलेले तुकडोजी महाराज खंजिरी घेऊन गावोगाव फिरले ते स्वतः रचलेली भजनं गात. 1968मध्ये महाराज गेले, पण गावागावांतली भजनी मंडळं ती भजनं अजून गातात. जे आतून येतं ते रचणाऱ्याच्या मागेही टिकतं.

आज बाळापूर-अकोल्याचे पोट्टे मोबाइलवर पाहून गिटार शिकतात, याचा मला फार आनंद वाटतो. पोट्टेहो, दुसऱ्यांची गाणी जरूर वाजवा. हात त्यांनीच तयार होतो. पण यंदाच्या गॅदरिंगमध्ये एक तरी गाणं स्वतःचं घ्या. आपल्या वऱ्हाडी बोलीतलं, मन नदीचं, कपाशीचं, घरातल्या काळजीचं. आणि आपण मोठ्यांनी ते कच्चं असलं तरी मधेच उठून न जाता शेवटपर्यंत ऐकावं.