परक्या चाशीवर आपली लालपरी

1 जून 1948 रोजी एसटीची पहिली गाडी पुणे आणि अहमदनगर यांच्या दरम्यान धावली. शिरूर याच रस्त्यावरचं गाव. आज हीच एसटी, म्हणजे आपली लालपरी, ‘बस सिम्युलेटर इंडोनेशिया’ या मोबाइल गेममध्येही धावते. मालेओ या कंपनीचा हा गेम 2017 साली आला, तेव्हा त्यात एसटी नव्हती. पुढे कंपनीने बाहेरची गाडी गेममध्ये घालण्याची सोय दिली आणि हौशी पोरांनी एसटी घडवली. या उद्योगाला मॉडिंग म्हणतात आणि अशा घडवलेल्या भागाला मॉड.

हे काम चिकाटीचं आहे. ब्लेंडर या मोफत प्रोग्रॅममध्ये आधी गाडीचा सांगाडा उभा करायचा, मग त्यावर रंग, पट्टे आणि देवनागरी पाटी चढवायची. बारकावे वाढले की फाइल जड होते आणि स्वस्त फोन अडखळतो. म्हणून खिडकीचे गज खरेच घडवायचे की नुसते रंगवायचे, असे निर्णय घ्यावे लागतात. काय ठेवायचं आणि काय सोडायचं, ही कारागिराची अक्कल इथेच तयार होते.

दुसऱ्याच्या गेमवर केलेलं काम म्हणून याला दुय्यम मानणं मला पटत नाही. एसटीनेही वर्षानुवर्षं कंपन्यांकडून चाशी घेतली आणि तिच्यावर दापोडी, चिकलठाणा, हिंगणा इथल्या आपल्या कार्यशाळांमध्ये बॉडी बांधली. म्हणून ती गाडी कुणाला परकी वाटली नाही.

रेल्वेचंही तसंच. 2001 साली आलेल्या ‘मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटर’मध्ये सहा मार्ग होते, त्यांत भारतातला एकही नव्हता. इथली इंजिनं, डबे आणि मार्ग चाहत्यांनीच घडवले. अशा खेळात दौंड जंक्शन उभं करायचं तर कोणत्या काळातलं, हे आधी ठरवावं लागेल. पूर्वी मनमाडकडून पुण्याला जाणाऱ्या गाडीचं इंजिन दौंडला काढून दुसऱ्या टोकाला जोडावं लागे. दोन मार्ग थेट जोडणारी कॉर्ड लाइन झाल्यावर तिच्यावरून जाणाऱ्या गाड्यांचा तो खोळंबा टळला. हा फरक जाणून रूळ मांडणारा माणूस स्थानिक इतिहासच नोंदवत असतो.

पण आज या कारागिरीला जपणारं कुणी नाही. गेम अपडेट झाला की जुने मॉड बंद पडतात, लिंक मरतात. त्याहून मोठं दुखणं चोरीचं. कुणीतरी मूळ नाव पुसतो, रंग बदलतो आणि तीच गाडी स्वतःची म्हणून वाटतो. वैतागलेला निर्माता मग फाइलला कुलूप लावतो. त्याचा राग रास्त आहे, पण नुकसान नवशिक्याचं होतं. फाइल उघडून पाहता आली नाही, तर तो शिकणार कशावरून? शिवाय काही मॉडर स्वतःच दुसऱ्या गेममधलं मॉडेल न विचारता उचलतात. श्रेय आणि परवानगीचा नियम त्यांनाही लागू हवा.

कर्त्याचं नाव टिकलं की काय होतं ते पाहा. ‘काउंटर-स्ट्राइक’ हा गेम 1999 साली ‘हाफ-लाइफ’ या गेमचा मॉड म्हणूनच जन्मला. मिन्ह ले आणि जेस क्लिफ या निर्मात्यांची नावं त्याच्याशी जोडलेली राहिली, आणि पुढे व्हॉल्व्ह कंपनीने खेळाबरोबर त्यांनाही आपलंसं केलं. आपल्याकडेही मॉड वाटताना मूळ कर्त्याचं नाव लिहावं, बदल करण्याआधी विचारावं आणि शिकू पाहणाऱ्यासाठी फाइल खुली ठेवावी. शिरूर-दौंडच्या संगणक वर्गांनी मॉडिंगचं काम विद्यार्थ्याचं कौशल्य म्हणून मोजावं. श्रेयाची खात्री असेल तर कुलपं आपोआप निघतील, आणि एकाने शिकलेलं दहाजणांपर्यंत पोहोचेल.