आपण सध्या गडावर नाही

लोहगडाला एकामागून एक चार दरवाजे आहेत. गणेश, नारायण, हनुमान आणि शेवटी महादरवाजा. वरून पाहिलं तर सगळी नागमोडी वाट एका नजरेत दिसते. खालून चढणाऱ्याला पुढचं वळण तेवढं दिसतं. या गडावर मी एक अ‍ॅप केलं, त्यात हे मोठ्या कौतुकाने लिहिलं. मग ते अ‍ॅप विकायला काढलं, आणि खालून चढणारा मीच झालो.

अ‍ॅप साधं होतं. दरवाजापाशी उभे राहा, फोन त्या दरवाजाची गोष्ट सांगेल. गडावर रेंज नसली तरी अडायचं नाही, जागा उपग्रहावरून कळते. किंमत ४९ रुपये. सहा महिने खपून ते अ‍ॅपच्या दुकानाकडे सबमिट केलं. ‘रिव्ह्यूला गेलंय’ हे वाक्य मी त्या आठवड्यात इतक्या जणांना ऐकवलं, की शेजारच्या आजींनी ‘रिपोर्ट आला का?’ असं काळजीने विचारलं.

रिपोर्ट आला. रिजेक्ट. कारण : अ‍ॅप अपूर्ण आहे, आत काही दिसत नाही.

तपासणाऱ्याचंही खरं होतं. त्याने ते जगाच्या कुठल्या तरी कोपऱ्यात खुर्चीत बसून उघडलं. अ‍ॅपने त्याला एकच ओळ दाखवली : ‘आपण सध्या गडावर नाही.’

*

नकार पचतो. बिनचेहऱ्याचा नकार घशात अडकतो.

तालुक्याच्या कचेरीत अर्ज अडला, तर कुठल्या टेबलावर अडला ते शिपाई सांगतो. ‘साहेब जेवायला गेलेत’ हेही एक उत्तर असतं; त्यात निदान साहेब असतो, आणि त्याला भूक लागते. इथे फक्त कलमाचा आकडा येतो. कलम उघडून वाचावं, तर ते सगळ्या जगाला लागू. आपलं नेमकं कुठे चुकलं, एवढंच त्यात नसतं.

कचेरीचे गोडवे गायचे नाहीत मला. तिथे टेबलाखालून काय सरकतं, ते सरकवणाऱ्यांनाच विचारा. अ‍ॅपच्या दुकानात चहापाणी लागत नाही. विक्रीतले तीस टक्के जातात, छोट्यांचे पंधरा, आणि ते उघडपणे, हिशेब देऊन. टेबलाखालचा हात निदान माणसाचा होता, असं म्हणायचा मोह होतो. वाईट मोह आहे.

*

बोरघाट उतरणारी रेल्वेगाडी खंडाळ्यापुढे मंकी हिलला थांबते. तिथला रूळ आधीपासूनच कॅच सायडिंगकडे, म्हणजे चढाकडे, वळवून ठेवलेला असतो. ब्रेक नीट आहेत, गाडी थांबू शकते, हे तिने थांबून दाखवायचं. मगच उताराचा मार्ग मिळतो. बोरघाटातून १८६३ पासून गाड्या धावताहेत. त्या थांब्याबद्दल कोणी तक्रार केल्याचं मी ऐकलेलं नाही. समोर दरी दिसत असते ना!

अ‍ॅपच्या तपासणीतही दरी आहे. खोटी बँक, चोरलेले फोटो, पोरांच्या हाती पडणारी घाण. ती अडवलीच पाहिजे. पण आपल्याला ज्यासाठी थांबवलं ती दरी कोणती, हे दिसलं पाहिजे.

*

अ‍ॅपलचं अ‍ॅप स्टोअर १० जुलै २००८ ला उघडलं. तपासणीची नियमावली छापून लोकांपुढे आली सप्टेंबर २०१० मध्ये. मधली दोन वर्षं माणसं उत्तरपत्रिका लिहीत होती आणि नापास होत होती. अभ्यासक्रम परीक्षकाच्या खिशात होता.

*

आधी दाखवा, मग खेळ करा, हे मराठी माणसाला नवं नाही. नाटकाची संहिता परिनिरीक्षण मंडळाकडे जाते. १९७२ मध्ये ‘सखाराम बाइंडर’वर मंडळाने कात्री चालवली, तेव्हा दिग्दर्शक कमलाकर सारंग उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. त्या दिवसांवर त्यांनी पुढे अख्खं पुस्तक लिहिलं. म्हणजे मंडळाला पत्ता होता, मंडळावर न्यायालय होतं, आणि भांडण पुस्तकात मावण्याएवढं होतं.

आता भांडायला आयोग लागतो. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये प्ले स्टोअरच्या पैसे घेण्याच्या अटींवरून गूगलला ९३६ कोटींचा दंड केला; मार्च २०२५ मध्ये अपिलात तो २१६ कोटींवर आला. मधल्या काळात, १ मार्च २०२४ ला, फीच्या वादात नोकरी शोधून देणारी आणि लग्न जुळवणारी मोठमोठी भारतीय अ‍ॅप त्या दुकानातून एका दिवसात उतरवली गेली. सरकार मध्ये पडलं, काही दिवसांत ती परत आली. नोकरी आणि छोकरी दोन्ही एकाच दुकानदाराच्या फळीवर असतात, हे त्या दिवशी कळलं.

४९ रुपयांच्या अ‍ॅपसाठी सरकार मध्ये पडत नाही. पडूही नये.

*

नोव्हेंबर २०२३ पासून गूगलकडे नवं वैयक्तिक खातं उघडणाऱ्याला आणखी एक दरवाजा आहे. आधी वीस माणसांनी अ‍ॅप घेऊन सलग चौदा दिवस चाचणीत राहायचं, मग विक्रीची गोष्ट. पुढे वीसचे बारा झाले. बारा मावळ एकत्र केल्याची गोष्ट ऐकत वाढलेल्या मुलखात बारा माणसं म्हणजे काहीच नाही, असं वाटतं. जमवून पाहा. भाऊ, मेहुणा, दोन मित्र, दूधवाला. मग आकडा पाचावर थांबतो. आपली किती माणसं आपल्यासाठी पंधरवडाभर एक बटण दाबतील, हा हिशेब कोणी कधी केलेला नसतो. तो करायला लावल्याबद्दल आभार मानावेत की शिव्या द्याव्यात, माझं अजून ठरलेलं नाही.

*

लोहगडाचीही तपासणी झाली. युनेस्कोकडे पाठवलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत (इथेही बाराच) त्याचं नाव होतं, आणि २०२४ मध्ये पाहणीसाठी तज्ज्ञ प्रत्यक्ष किल्ल्यांवर आले. जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. कोणी गडावर येऊन पाहिल्याशिवाय गड पास झाला नाही.

*

माझ्या अ‍ॅपचं काय झालं?

तपासणाऱ्याला गडावर आणणं शक्य नव्हतं, म्हणून गड त्याच्या खुर्चीपाशी नेला. एक बटण टाकलं : ‘मी गडावर आहे असं समजा.’ ते दाबलं की फोन खोटं खोटं महादरवाजापाशी पोचतो आणि गोष्ट सुरू होते. अ‍ॅप दुसऱ्या दिवशी लाइव्ह. खरं बोलत होतं तोवर अपूर्ण होतं. थाप मारायला शिकलं, पूर्ण झालं.

मंजुरीनंतर ते बटण काढणार होतो. पण काढायचं म्हणजे नवी आवृत्ती, नवी आवृत्ती म्हणजे पुन्हा रिव्ह्यू. राहू दिलं. सेटिंगमध्ये अगदी खाली आहे. घरी बसून ते दाबणारेही आहेत. एकाने कळवलं की चढण फारशी जाणवली नाही.

तुम्ही मात्र ते दाबू नका. लोणावळा लोकल गडाजवळच्या मळवलीला थांबते.