पत, प्रसिद्धी आणि साक्ष

महाभारताच्या कर्णपर्वात एक विलक्षण प्रसंग आहे. ‘गांडीव दुसऱ्या कोणाला दे’ असे जो म्हणेल त्याचा वध करीन, अशी अर्जुनाची प्रतिज्ञा असते. आणि नेमका युधिष्ठिरच रागाच्या भरात तसे बोलून जातो. वडील भावाचा उपमर्द म्हणजे त्याचा वधच होय, अशी तोड श्रीकृष्ण काढतो. तो उपमर्द करून झाल्यावर पश्चात्तापाने अर्जुन स्वतःच्या जिवावर उठतो, तेव्हा श्रीकृष्ण दुसरी तोड सुचवतो: स्वतःच्या तोंडाने स्वतःची स्तुती कर, म्हणजे आत्मवध घडलाच असे समज. आत्मस्तुतीला आत्महत्येच्या पंक्तीला बसविणारा हा विचार भारतीय शिष्टाचारात खोलवर रुजलेला आहे. परंतु तो सांगितला गेला एका राजपुत्राला, आणि राजपुत्रांची स्तुती गाण्यासाठी सूत-मागध दारी उभे असत. ज्याच्या दारी कोणी भाट नाही, आणि माल विकला गेल्यावाचून ज्याची चूल पेटत नाही, अशा लहान व्यावसायिकाने काय करावे, याचे उत्तर त्या प्रसंगात मिळत नाही.

जुन्या बाजारपेठेत हा प्रश्न फारसा तीव्र नव्हता. तेथे प्रसिद्धीचे काम पत करीत असे. सोनाराचा कस, तेल्याच्या घाण्यावरचे तेल, कासाराच्या भांड्याचे वजन यांची पारख गिऱ्हाइकाला वर्षानुवर्षांच्या व्यवहारातून झालेली असे. पत सावकाश वाढे आणि एका खोट्या मापाने जाई. तिचा परीघ मात्र लहान होता. पंचक्रोशीपलीकडे ती सहसा पोहोचत नसे. शहरे वाढली, विकणारा आणि घेणारा एकमेकांना अनोळखी झाले, तेव्हा पतीची जागा प्रसिद्धीने घेतली. पतीचा आधार अनुभव असतो, तर प्रसिद्धीचा आधार ऐकीव माहिती. म्हणूनच प्रसिद्धीचा नैतिक प्रश्न हा मुळात ऐकलेल्यावर विश्वास केव्हा ठेवावा, हा प्रश्न आहे.

न्यायदर्शनाने या प्रश्नाचा फार पूर्वी विचार केलेला आहे. शब्द हे प्रमाण ठरते ते आप्ताच्या मुखातून आले तर. आणि आप्त म्हणजे ज्याने वस्तू साक्षात जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे तो. भाष्यकार वात्स्यायनाने हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू केले, ही गोष्ट मोठी अर्थपूर्ण आहे. आप्तत्व जन्मावर वा प्रतिष्ठेवर अवलंबून नाही. ते पाहण्याच्या आणि सांगण्याच्या प्रामाणिकपणावर अवलंबून आहे. या कसोटीने वार्ताहरही आप्त ठरू शकतो. वृत्तपत्रातील चार ओळींना पानभर जाहिरातीहून अधिक वजन येते ते याच कारणाने. वाचक असे गृहीत धरतो की लिहिणाऱ्याने वस्तू पाहिली आहे आणि तिच्या विक्रीत त्याचा स्वार्थ गुंतलेला नाही.

याचा अर्थ जाहिरात ही अनैतिक असते असा मात्र नव्हे. जाहिरात स्वार्थी असते, पण आपला स्वार्थ ती लपवीत नाही. किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराचे उदाहरण या दृष्टीने मननीय आहे. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती आणि सुरुवातीचे नांगर त्यामुळे पडून राहिले होते. पुढे या कारखान्याच्या जाहिरातींचे काम पाहणाऱ्या शं. वा. किर्लोस्कर यांनी १९२० मध्ये किर्लोस्करवाडीहून ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. उद्योगाची वार्ता देण्यासाठी निघालेले हे पत्र कालांतराने मराठीतील एक महत्त्वाचे मासिक झाले. ‘स्त्री’ (१९३०) आणि ‘मनोहर’ (१९३४) ही त्याची भावंडे. येथे परक्याचे मुख विकत घेतलेले नाही. स्वतःचेच मुख उघडले आहे आणि त्यावर स्वतःचे नाव लिहिले आहे. बोलणारा कोण हे वाचकाला पहिल्या पृष्ठावरच कळत असल्याने किती विश्वास ठेवायचा, हे ठरविण्याचे त्याचे स्वातंत्र्य अबाधित राहते.

परंतु असे मुखपत्र काढणे, किंवा नियमित जाहिरात देणे, हे प्रत्येकाला साधणारे नाही. खाणावळ चालविणारी विधवा, दोन माग असलेला विणकर, गल्लीतला पुस्तकबांधणी करणारा कारागीर यांना वृत्तपत्रातील बातमी हीच काय ती मोठ्यांच्या बरोबरीने उभे राहण्याची संधी असते. १९५९ मध्ये गिरगावातील सात स्त्रियांनी ऐंशी रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटण्यास आरंभ केला. तो ‘लिज्जत’चा उद्योग होय. ही हकीकत वृत्तपत्रांनी वेळोवेळी सांगितली, त्यात त्या स्त्रियांचा लाभ झाला आणि समाजाचाही झाला. कारण राबणाऱ्या स्त्रियाच उद्योगाच्या मालकीण होऊ शकतात, हे सत्य त्यामुळे घरोघरी पोहोचले. अशी प्रसिद्धी मिळविण्यासाठी लहान व्यावसायिकाने वार्ताहराचे दार ठोठावले, तर त्याला आत्मश्लाघेचा दोष देणे अन्यायाचे आहे. न्यायालयात साक्षीदार बोलावणे हा जसा पक्षकाराचा हक्क आहे, तसाच हा हक्क आहे. साक्षीदाराला पढविणे मात्र त्या हक्कात येत नाही, आणि त्याला मोल देणे तर नाहीच.

साक्ष विकत मिळण्याचा व्यवहार आपल्याकडे किती रुळला होता, हे भारतीय वृत्तपत्र परिषदेच्या २०१० च्या अहवालाने समोर आणले. २००९ च्या निवडणुकांतील ‘पेड न्यूज’ हा त्याचा मुख्य विषय होता. तथापि समभागांच्या बदल्यात कंपन्यांना प्रसिद्धी देण्याच्या करारांचाही विचार त्या चर्चेत झाला. पुढे २०२१ मध्ये जाहिरात मानक परिषदेने समाजमाध्यमांवरील मोबदला घेऊन केलेल्या शिफारशींवर त्या जाहिराती असल्याचे स्पष्ट लिहिले जावे, असा दंडक घातला. माध्यम बदलले तरी तत्त्व एकच आहे: बोलणाऱ्याचा स्वार्थ ऐकणाऱ्याला दिसला पाहिजे.

एवढे सोवळे लहान व्यावसायिकाला परवडते काय, असा आक्षेप येथे घेतला जाईल. बातमी हवी तर आधी जाहिरात द्या, असे त्याला सुचविले जाते; नकार दिला तर शेजारचा दुकानदार ती जागा घेतो. या आक्षेपात तथ्य आहे, आणि साक्ष विकणाऱ्याचा दोष विकत घेणाऱ्याहून मोठा आहे, हेही मान्य केले पाहिजे. तरीही विकत घेतलेल्या बातमीचा परिणाम कोणावर होतो, हे पाहावे लागते. वाचकाला एकदा कळले की अशा मजकुरामागे पैसा असतो, की तो साऱ्याच मजकुराकडे संशयाने पाहू लागतो. श्रीमंत उद्योगाचे त्याने फारसे बिघडत नाही. त्याच्याकडे जाहिरात असतेच. नुकसान होते ते उद्या खऱ्या मालासह त्याच दाराशी येणाऱ्या दुसऱ्या लहान व्यावसायिकाचे. त्याच्यासाठी साक्ष उरलेलीच नसते. गावच्या विहिरीत घाण टाकणारा स्वतःच्या घागरीपुरतीच ती टाकू शकत नाही.

याहून अवघड प्रसंग न मागता मिळालेल्या चुकीच्या स्तुतीचा. मुंबईच्या डबेवाल्यांचा व्यवसाय १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांच्यापासून सुरू झाला, असे मानले जाते. मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर भागांतील कष्टकऱ्यांनी तो वाढविला. १९९८ मध्ये ‘फोर्ब्स’ने त्यांच्यावर गौरवपर लेख छापला, २००३ मध्ये ब्रिटनच्या युवराजांनी त्यांची भेट घेतली. त्यानंतर ‘फोर्ब्स’ने डबेवाल्यांना ‘सिक्स सिग्मा’ प्रमाणपत्र दिले, असे वाक्य वृत्तपत्रांतून आणि व्याख्यानांतून फिरू लागले. दहा लाख संधींमागे ३.४ हून अधिक चुका न होणे, असा त्या संज्ञेचा अर्थ. वस्तुतः असे प्रमाणपत्र दिले गेले नव्हते आणि ती संज्ञा आपण लेखात वापरलीही नव्हती, असे लेखकानेच पुढे स्पष्ट केले. दरम्यान साठ लाखांत एक चूक, ऐंशी लाखांत एक, एक कोटी साठ लाखांत एक, असे निरनिराळे आकडे छापले जात राहिले.

या वाक्याचा उगम डबेवाल्यांच्या कपटात नव्हता. ते माध्यमांच्या हौसेतून वाढले. मग ते दुरुस्त करण्याचे उत्तरदायित्व कोणाचे? छापणाऱ्याचे तर आहेच; पण ज्याच्या नावाने स्तुती झाली त्याचेही आहे. कारण ती तशीच राहू देणे म्हणजे मौनाने तिच्यावर सही करणे होय. शिवाय अशा स्तुतीने खऱ्या गुणाचीच हानी होते. डब्याच्या झाकणावर रंगाने काढलेली सांकेतिक अक्षरे, लोकलच्या मिनिटामिनिटाशी जुळविलेले हात, सकाळी घेतलेला डबा दुपारी तीन-चार हातांतून जाऊन नेमक्या मेजावर पोहोचविणारा परस्परविश्वास, हे सारे प्रत्यक्ष पाहता येण्याजोगे होते. त्याला परदेशी प्रमाणपत्राची गरज नव्हती. आकडा मोठा झाला आणि माणसे त्याच्यामागे दिसेनाशी झाली.

२०२० मध्ये महासाथीमुळे लोकल आणि कार्यालये बंद पडली, तेव्हा हा जगप्रसिद्ध व्यवसाय एकाएकी थांबला. अनेक डबेवाले गावाकडे, शेतीकडे परतले. प्रसिद्धीला त्या दिवसांत त्यांची चूल पेटविता आली नाही. तिची मर्यादा येथे स्पष्ट होते. ती अनोळखी गिऱ्हाइकाला एकदा दारापर्यंत आणून सोडते. तो दुसऱ्यांदा येतो की नाही, हे त्याने पहिल्या वेळी प्रत्यक्ष काय अनुभवले यावर ठरते, आणि तेथून पुन्हा पतीचेच राज्य सुरू होते.

म्हणून लहान व्यावसायिकाने प्रसिद्धीची लाज बाळगण्याचे कारण नाही. त्याने स्वतः बोलावे, पण स्वतःच्या नावाने बोलावे. साक्षीदाराला बोलवावे, पण त्याला पाहू द्यावे, त्याच्या तोंडी शब्द घालू नयेत. आणि साक्षीदार आपल्या बाजूने चुकला, तर ती चूक आपणच सांगावी. यांतील शेवटची गोष्ट सर्वांत कठीण आहे. आत्मस्तुती करायला श्रीकृष्णाने अर्जुनाला सांगितले ती शिक्षा म्हणून. आपल्या वाट्याला आलेली अवाजवी स्तुती परत करणे ही शिक्षा नाही. पण ते करणाऱ्याला प्रथमतः नुकसान सोसावे लागते, आणि हे नुकसान सोसण्याची तयारी हाच त्याच्या मालाच्या खरेपणाचा पुरावा असतो.