दर आणि मुदत

शिवथरच्या बाजूला भातकापणी उरकली, की खाचरं मोकळी होतात आणि पोरं ताबडतोब त्यांचं ग्राउंड करतात. तिथला कायदा सोपा : ज्याची बॅट, त्याची पहिली बॅटिंग. बाकीच्यांनी बांधापलीकडचा चेंडू आणायचा. संध्याकाळी बॅटवाल्याच्या तीस धावा होतात, चेंडू आणणाऱ्याच्या दोन; आणि ठरतं, की पहिला गुणी, दुसरा कुचकामी. मोठेपणी आपण माणसांना हाच न्याय लावतो.

आमच्या बँकेत व्याज काढताना दर पाहतात, तशी मुदतही पाहतात. तीन महिन्यांच्या ठेवीला तीन वर्षांचं व्याज मिळालं नाही, म्हणून ठेवीला कुणी आळशी म्हणत नाही. फलंदाजाला मात्र खुशाल म्हणतात.

विनोद कांबळीच्या 17 कसोटींत 1084 धावा, सरासरी 54.20. दर उत्तम! पण मुदत 1995 साली, वयाच्या तेविसाव्या वर्षीच संपली. भाऊसाहेब निंबाळकरांनी 1948 साली पुण्यात काठेवाडविरुद्ध नाबाद 443 धावा केल्या; ब्रॅडमनचा 452 चा विक्रम हाकेच्या अंतरावर होता, तेवढ्यात समोरच्या संघानं सामनाच सोडून दिला. भाऊसाहेबांची कसोटीतली मुदत? शून्य दिवस.

‘मग नुसता दर पाहा,’ असं तुम्ही म्हणाल. तोही लबाड असतो हो! वेस्ट इंडीजचा अँडी गँटोम 1948 साली एकच कसोटी, एकच डाव खेळला आणि 112 धावा केल्या. सरासरी 112. ब्रॅडमनची 99.94, पण ती 80 डावांची. आणि हाच ब्रॅडमन 1928 साली पहिल्या कसोटीत 18 आणि 1 काढून पुढच्या कसोटीला वगळला गेला होता. खातं तिथंच बंद केलं असतं, तर जगाच्या दप्तरी त्याची सरासरी साडेनऊ!

शिवथरघळीत समर्थांनी दासबोध सांगितला, अशी परंपरा आहे. त्यात यत्नाची थोरवी गायली आहे. यत्न आपल्या हाती, हे कबूल. पण बॅटिंग कुणाच्या हाती? 1988 साली शालेय सामन्यात सचिन आणि कांबळी यांची 664 धावांची अभेद्य भागीदारी चालली होती, तेव्हा पुढचा फलंदाज अमोल मुझुमदार पॅड बांधून बसला होता. स्कोअरबुकात ‘बसला’ असा रकाना नसतो. पुढे त्यानं प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये 11,167 धावा केल्या, पण भारताच्या संघात त्याला जागा मिळाली नाही. 2025 साली आपल्या महिला संघानं विश्वचषक जिंकला, तेव्हा प्रशिक्षक तोच होता.

तेव्हा माणसाचा निकाल द्यायचाच असेल, तर धावांशेजारी मुदतही लिहावी. अपयशी माणसाच्या तर लिहावीच, पण यशस्वी माणसाच्या आधी लिहावी. त्याचे ‘18 आणि 1’ कुणीतरी पोटात घातलेले असतात; चरित्रात मात्र त्या भल्या माणसाचं नाव सहसा छापायचं राहून जातं.