१२८पाशी थोडं बसू

चावी खिशातच राहू द्या. गॅरेजचं दार पूर्ण उघडा. थंडी वाजली तरी चालेल, धूर आत कोंडला तर चालणार नाही. बॉनेट वर करा आणि समोर स्टूल घेऊन बसा. पहिली दहा मिनिटं पान्याला हात लावायचा नाही.

समोर जीप आहे, सीजे-७. टोलेडो, ओहायोच्या कारखान्यातली, वय चाळिशीच्या पुढे. तिचं मूळचं सहा सिलिंडरचं इंजिन आणि त्यावरचा कायम रुसलेला कार्बोरेटर कोपऱ्यात ताडपत्रीखाली पडलेत. त्यांच्या जागी शेवरोलेच्या एका जुन्या पिकअपमधून काढलेलं ५.७ लिटरचं व्ही-८ बसलंय. जीप माझ्या शेजाऱ्याची. मी त्याचा मिशिगनमधला रविवारचा हेल्पर.

आता नुसतं बघा. इंजिनाच्या डोक्यावर जे आहे ते लांबून कार्बोरेटरच वाटतं. त्याला थ्रॉटल बॉडी म्हणतात. जनरल मोटर्सनं १९८७ पासून १९९५ पर्यंत आपल्या मोठ्या पिकअपना हीच पद्धत दिली. वर दोन इंजेक्टर, खाली दोन झडपा, आणि पेट्रोलचा दाब अवघा ९ ते १३ पीएसआय. गाडीच्या टायरमध्ये याच्या दुपटीहून जास्त हवा असते. इतक्या हलक्या दाबावर आठ सिलिंडरांचा संसार चालतो. म्हणून पंप जरा दमला किंवा फिल्टर जरा तुंबला, की लगेच घरात कुरबुर सुरू.

नजर आता डॅशबोर्डखालच्या चपट्या डब्याकडे वळवा. हा कॉम्प्युटर. त्याला डोळे नाहीत. इंजिनात हवा किती गेली हे तो मोजत नाही, नुसता अंदाज बांधतो. मॅनिफोल्डमधला दाब किती, इंजिनाचे फेरे किती, पाणी किती गरम, एवढं विचारतो आणि आपल्या चिपमधल्या कोष्टकात बघून इंजेक्टर किती वेळ उघडायचा ते ठरवतो. त्या कोष्टकात अजून पिकअपच आहे. आपण जीपमध्ये आलोय हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही. बदली झालेला कारकून नव्या कचेरीत येऊन जुन्याच तालुक्याचे नकाशे उघडून बसावा, तसा तो बसलाय. प्रामाणिक, मेहनती, आणि चुकीच्या गावात.

हे मनात मुरू द्या. घाई नाही.

वेगाच्या सेन्सरचंच घ्या. इंजिन बदलताना त्याची वायर हमखास राहून जाते. गाडी पळतेय, तर मग वेग कळून करायचंय काय, असं वाटतं. पण तो संकेत नसेल तर कॉम्प्युटरच्या लेखी गाडी जन्मभर जागेवरच उभी असते. सिग्नल जवळ येतो, तुम्ही पाय उचलता, आणि थांबता थांबता इंजिन गचकन बंद पडतं. दोष पेट्रोलचा नाही, ठिणगीचाही नाही. त्याला गाडीची चाल कळलीच नव्हती.

आता चावी काढा. फिरवा, पण सेल्फ मारू नका. इग्निशन फक्त चालू. पंप दोन सेकंद घुमेल आणि गप्प होईल. हा आवाज लक्षात ठेवा. एखाद्या दिवशी तो आलाच नाही आणि खूप वेळ सेल्फ मारल्यावर गाडी कशीबशी चालू झाली, तर आधी पंपाचा रिले तपासा. रिले मेला तरी ऑइलचा दाब वाढला की ऑइलचाच एक स्विच पंपाला वीज देतो. गाडी चालू होते, म्हणून माणूस रिलेला निर्दोष सोडतो.

चावी परत बंद करा. निदानाच्या बारा खणांच्या सॉकेटमध्ये ए आणि बी हे दोन खण कागदाच्या क्लिपनं जोडा आणि इग्निशन पुन्हा चालू करा. डॅशबोर्डवरचा दिवा लुकलुकेल: एकदा, थोडा विराम, मग दोनदा. हा कोड १२. तो तीनदा दिसेल. अर्थ इतकाच, की डिस्ट्रिब्यूटरकडून ठोके येत नाहीत. इंजिन बंद आहे, तेव्हा येणार तरी कुठून? हा बिघाड नव्हे, हा डब्याचा रामराम. तो जागा आहे आणि खरं बोलतोय. रामराम झाल्याशिवाय पुढच्या बोलण्याला जाऊ नका.

त्यानंतरचे आकडे कागदावर लिहा. २१ आणि २२ थ्रॉटलच्या सेन्सरचे, ३३ आणि ३४ मॅनिफोल्डच्या दाबाचे, ४४ म्हणजे मिश्रण पातळ, ४५ म्हणजे घट्ट. पण कोड म्हणजे साक्षीदाराचा जबाब, कोर्टाचा निकाल नव्हे. ४४ दिसला की पेट्रोल कमी पडतंय असं नाही. एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर तसं *म्हणतोय*, एवढंच.

आता सेल्फ मारा.

इंजिन धडधडतं, थोडं डगमगतं, मग सावरतं. काही करू नका, ऐका. साताऱ्याकडे माझ्या लहानपणी एक मिस्त्री होते. ते लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचे आणि मूठ कानाला. डोळे मिटलेले. आम्हा पोरांना वाटायचं, झोपले. ते टोक एकेक बोट पुढे सरकवत जायचे, आणि मधेच डोळे उघडून म्हणायचे, "हे बघ, हा रडतोय." मला अजून त्यांच्याइतकं ऐकू येत नाही. पण डोळे मिटण्यापर्यंत आलोय.

एअर क्लीनर काढलेला असेल तर टायमिंग लाइट इंजेक्टरांवर धरा. साध्या डोळ्यांना जे धुकं दिसतं ते त्या लुकलुकीत थांबतं आणि थेंब थेंब वेगळा दिसतो. दोन्ही फवारे सारखे, छत्रीसारखे पसरलेले दिसायला हवेत. एक छत्री आणि एक धार असेल तर तुमचा कॉम्प्युटर किंवा चिप कितीही चांगली असली तरी उपयोग नाही. मला हे दृश्य फार आवडतं. कधी कधी काही तपासायचं नसलं तरी मी नुसतं बघत बसतो.

पाणी तापू द्या. ऑक्सिजन सेन्सरलाही तापायला वेळ लागतो, साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या वर गेल्याशिवाय तो बोलत नाही. क्लिप अजून जागेवरच असेल, तर चालू इंजिनावर दिव्याची चाल बघा. भरभर लुकलुकत असेल, सेकंदाला दोन-तीनदा, तर डबा अजून पाठ केलेल्या कोष्टकावरच चाललाय. सेकंदाला एकदा, सावकाश, असं होऊ लागलं की त्यानं सेन्सरचं ऐकायला सुरुवात केली. ही चाल बदलते तो क्षण चुकवू नका. तो येतच नसेल, किंवा येऊनही आयडलला दिवा पुन्हा भरभर लुकलुकत असेल, तर बहुधा सेन्सर हेडर पाइपात फार खाली बसवलाय आणि तिथं तो थंड पडतोय. आतून तापणारा तीन वायरचा सेन्सर लावला की काम होतं.

आता १२८.

लॅपटॉप जोडला की एक आकडा दिसतो, ब्लॉक लर्न. तो १२८ असला तर कोष्टक बरोबर आहे असं डबा समजतो. १२८च्या वर म्हणजे तो पेट्रोल वाढवतोय, खाली म्हणजे कापतोय. १५० म्हणजे सुमारे १७ टक्के जास्त. आमच्या जीपचा आकडा १५० होता.

मी काय केलं सांगतो. मला वाटलं, पिकअपचं कोष्टक जीपला कमी पडतंय. तीन रविवार मी चिपा जाळल्या. ती जुनी चिप पुसायला अतिनील दिव्याखाली ठेवावी लागते आणि मग नव्यानं भरावी लागते. दर रविवारी थोडं पेट्रोल वाढवलं, दर रविवारी आकडा थोडा खाली आला. तिसऱ्या रविवारी १२८. आम्ही चहा घेतला. शेजाऱ्यानं माझी पाठ थोपटली.

मग प्लग काढले तर काजळीसारखे काळे.

चौथ्या रविवारी सकाळी, इंजिन गार असताना, मी डोळे मिटले तेव्हा ऐकू आलं. एक्झॉस्टच्या जोडापाशी टिक, टिक, टिक. तापल्यावर आवाज मंदावायचा, पूर्ण जायचा नाही. तिथून गॅस बाहेर जात होता हे समजण्यासारखं आहे. पण दोन ठोक्यांच्या मधल्या पोकळीत त्याच फटीतून बाहेरची हवा आतही येत होती, आणि पुढे बसलेला सेन्सर ती हुंगून सांगत होता: ऑक्सिजन जास्त, मिश्रण पातळ. डबा इमानदारीनं पेट्रोल वाढवत होता. आणि मी, त्याच्याहून शहाणा, त्याच्या चुकीला कोष्टकात कायमची जागा करून देत होतो.

नवं गॅस्केट बसवलं. आकडा १०८ला घसरला. पिकअपची मूळ चिप परत लावली. १३१.

म्हणून माझं मत ठाम झालंय, आणि चिपा विकणाऱ्यांना ते आवडणार नाही. ट्यूनिंग शेवटचं काम आहे. आधी अर्थिंग, रंग खरवडून, उघड्या लोखंडावर. ऑक्सिजन सेन्सरचं सगळं बोलणं एका व्होल्टच्या आत चालतं, तिथं सैल अर्थिंगचा एक दशांश व्होल्टही मोठा. मग पेट्रोलचा दाब, मग व्हॅक्यूमच्या नळ्या, मग एक्झॉस्ट. मग टायमिंग, तेही कॉम्प्युटरची बायपास वायर सोडवून शून्य अंशावर, कारण ती जोडलेली असताना तुम्ही त्याच्या हिशेबाचं टायमिंग बघत असता, डिस्ट्रिब्यूटरचं नाही. वायर परत जोडायला विसरू नका, आणि त्यामुळे आलेला कोड ४२ पुसा.

एवढं झाल्यावर चिप उघडायची गरज उरली, तर उघडा. शर्यतीचा कॅमशाफ्ट टाकला असेल तर उरेलच. आयडलला व्हॅक्यूम कमी पडतो, डब्याला वाटतं गाडी चढावर आहे, आणि तो पेट्रोल ओतत राहतो. तिथं कोष्टक खरंच चुकीचं असतं.

आता इंजिन बंद करा. पंखा थांबेपर्यंत बसून राहा. तापलेलं लोखंड गार होताना कडकड वाजतं, तेही ऐका. गार इंजिन कसं चालू होतं ते दिवसातून एकदाच तपासता येतं, आणि आजचं तपासून झालं. उद्या सकाळी या, आणि आल्या आल्या सेल्फ मारू नका.